कापड महाग, हात स्वस्त

टॉमस कोरम हा एक निवृत्त दर्यावर्दी. त्याच्या खटपटीतून १७३९ साली लंडनमधल्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथालयाला राजाची सनद मिळाली आणि १७४१ पासून तिथे मुलं घ्यायला सुरुवात झाली. मूल आणून देणाऱ्या आईला नाव विचारायचं नाही, असा तिथला रिवाज होता. पण पुढेमागे दिवस पालटून ती परत आली, तर तिचं मूल ओळखायचं कसं? कारकुनांनी यावर साधा तोडगा काढला. बाळाच्या नोंदीच्या कागदाला कापडाचा एक तुकडा टाचणीने टोचून ठेवायचा. कधी तो आईनेच दिलेला असे, कधी बाळाच्या अंगावरच्या कपड्यातून तिथल्या तिथे कातरलेला. पुढे हे कागद बांधून त्यांच्या वह्या झाल्या. वह्या मिटलेल्या राहिल्या, तुकड्यांना ऊन लागलं नाही, त्यामुळे रंग टिकले.

असे पाच हजारांहून जास्त तुकडे आज शिल्लक आहेत. फुलाफुलांचं छापील कापड, चौकटी, पट्टे, फलाटीन, रिबिनी. बाळाचे कपडे सहसा मोठ्यांच्या जुन्या कपड्यांतून बेतलेले असायचे, त्यामुळे यातले पुष्कळ तुकडे मुळात आईच्या अंगावरचे असणार. १७६७ मध्ये सेरा बेंडर नावाच्या आईने आपला चार्ल्स तिथे ठेवला. सोबत रंगीत चिंध्या जोडून शिवलेली एक पट्टी दिली. त्या पट्टीवर भरलेलं हृदय मधोमध कापलेलं होतं. अर्धी पट्टी तिने स्वतःजवळ ठेवली आणि १७७५ मध्ये ती येऊन मुलाला घेऊन गेली. असं फार थोड्यांच्या नशिबी होतं. १७४१ ते १७६० या काळात दाखल झालेल्या १६,२८२ मुलांपैकी जेमतेम १५२ मुलं परत नेली गेली.

जॉन स्टाइल्स या इतिहासकाराने या वह्या कापडाचा पुरावा म्हणून वाचल्या आणि २०१० मध्ये लंडनच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन मांडलं. अठराव्या शतकातली गरीब इंग्रज बाई म्हटलं की मळकट तपकिरी कपडे डोळ्यांसमोर येतात. सिनेमावाल्यांनी तर ते चित्र पक्कंच केलेलं आहे. वह्या वेगळंच सांगतात. मोलकरीण असो की रस्त्यावर फळं विकणारी, तिच्या अंगावर निळी-जांभळी फुलं असू शकत होती. आणि ते कापड पुष्कळदा निव्वळ सुती नसे. उभा धागा लिननचा, आडवा सुताचा. असं का, ते पुढे येईलच.

हे तुकडे जपले गेले, तो अपवाद. सामान्य बाईचा अख्खा पोशाख जवळजवळ कुठेच उरलेला नाही. लिननचा अंगरखा फाटेपर्यंत वापरायचा, मग त्याची लंगोटी, मग पोतेरं, आणि शेवटी चिंधीवाल्याला विकायचा. चिंधीवाल्याकडून तो कागदाच्या गिरणीत जाई, कारण तेव्हाचा युरोपी कागद लाकडाच्या लगद्यापासून नव्हे, तर चिंध्यांपासून बनत असे. म्हणजे त्या काळातल्या बायकांबद्दल ज्या पुस्तकांतून आपण वाचतो, त्यांच्या पानांत त्यांचेच कपडे असण्याचा चांगलाच संभव आहे. संग्रहालयांत उरले ते रेशमी गाऊन, श्रीमंतांचे आणि सणासमारंभाचे. त्यावरून एखाद्या काळाचा पोशाख ठरवायचा म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून रोजचा स्वयंपाक ओळखण्यासारखं आहे.

बरं, उरलेला गाऊनही मूळ रूपात असेलच असं नाही. स्पिटलफील्ड्स हे लंडनमधलं रेशीम विणकरांचं ठाणं. तिथे ॲना मारिया गार्थवेट (१६८८–१७६३) ही बाई कापडाचे नमुने काढून विणकरांना विकत असे. तिची आठशेहून अधिक चित्रं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांवर साल व विणकराचं नाव लिहिलेलं आहे. गाऊनचं कापड तिच्या एखाद्या चित्राशी जुळलं की ते कधी विणलं गेलं ते कळतं. पण गाऊनची बेतणी मात्र कधीकधी तीस वर्षांनंतरची निघते! १७४०च्या सुमाराचं रेशीम, १७७०च्या सुमाराची फॅशन. आईचा गाऊन उसवून लेकीसाठी नव्याने शिवलेला असतो. उलटून पाहिलं तर जुन्या घड्यांच्या रेषा आणि जुन्या टाक्यांची भोकं दिसतात.

या विषयाची किल्ली इथेच आहे. त्या काळात कापड महाग होतं आणि माणसाचा हात स्वस्त. गाऊनच्या एकूण खर्चात शिलाईचा वाटा किरकोळ, सगळा पैसा कापडात. आज नेमकं उलट आहे. म्हणून आजचा शिंपी कापड कापून आकार काढतो आणि तुकडे फेकतो. तेव्हाची शिवणारी कापड न कापता घड्या घालून आकार आणायची. जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढे लागेल तेव्हा उघडता येईल. बाही कमी पडली तर जोड द्यायचा, फुलं जुळोत न जुळोत. परकराच्या लांब शिवणी मोठ्या धावदोऱ्याने घालायच्या, उसवायला सोप्या पडाव्यात म्हणून. हे सगळं आजच्या नजरेला ढिसाळ कारागिरी वाटतं, आणि हौसेने असे कपडे शिवणाऱ्या नवख्या बायका म्हणूनच प्रत्येक शिवण बारीक, सुबक घालत बसतात. मुळाबरहुकूम शिवायचं तर थोडा गबाळेपणाही शिकावा लागतो.

आतल्या कपड्यापासून सुरुवात केली तर ही काटकसर लगेच दिसते. सगळ्यात आत शिफ्ट, म्हणजे लिननचा गुडघ्याखाली जाणारा सैल झगा. त्याची बेतणी म्हणजे निव्वळ भूमिती आहे. सगळे तुकडे सरळ रेषेत कापलेले, चौकोन आणि त्रिकोण. अंगाचा एक लांब आयत, खांद्यावर घडी. खालच्या घेरासाठी दोन्ही बाजूंना त्रिकोणी कळ्या, त्याही पुष्कळदा वरच्या कडेने तिरप्या काढून खाली जोडलेल्या. बाह्यांचे दोन आयत. बगलेत एक छोटा चौकोन तिरपा बसवायचा, म्हणजे हात वर केला तरी शिवण ताणत नाही. गळा कापताना निघेल तेवढाच काय तो तुकडा वाया. हा झगा घामही शोषे आणि वरच्या रेशमाला अंगापासून दूर ठेवी. रेशमी गाऊन धुता येत नसे, लिनन मात्र उकळून, बडवून, गवतावर उन्हात टाकून पांढरं करता येई. स्वच्छतेची सगळी भिस्त या एका कपड्यावर होती. त्याखाली इंग्रज बाई काही घालत नसे. चड्डीचा प्रसार पुढच्या शतकातला.

शिफ्टवर ताठ चोळी, म्हणजे पुढे आलेल्या कॉर्सेटची पूर्वज. लिननच्या थरांत शेजारीशेजारी बारीक खोबणी शिवायच्या आणि त्यांत व्हेलच्या तोंडातल्या झालरीच्या पट्ट्या सरकवायच्या. इंग्रजीत त्याला हाड म्हणत असले तरी ते हाड नव्हे. आपल्या नखांच्या जातीचं द्रव्य आहे. अंगाच्या उबेने ते किंचित नरम होतं आणि घालणारीच्या शरीराचा बाक घेतं. कंबरेखाली चोळीला पाकळ्या असतात, त्या नितंबांवर पसरतात आणि परकरांचं ओझं पेलतात. पाठीवर एकाच दोरीने नागमोडी आवळायचं. दोरीची भोकं हाताने काजे केल्यासारखी गुंफलेली. धातूच्या रिंगा अजून आलेल्या नव्हत्या.

या चोळीबद्दल जेवढ्या कंड्या पिकल्या आहेत तेवढ्या दुसऱ्या कुठल्याच कपड्याबद्दल नसतील. बरगड्या काढून टाकत, बायका सारख्या मूर्च्छित पडत, कंबर वेताएवढी असे. प्रत्यक्षात दूध काढणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायकाही ती घालत. ज्यांना परवडत नसे त्या जाड चामड्याची घालत. हुबेहूब तशी चोळी शिवून दिवसभर काम करून पाहणाऱ्यांचा अनुभव असा की अंगाला नीट बसलेली चोळी पाठीला आधार देते, ओझं उचलताना तर विशेष. वाकायचं मात्र कंबरेतून नव्हे, गुडघ्यांतून आणि मांड्यांतून. चित्रांतल्या बायका तशा का उभ्या असतात, ते चोळी घातल्यावर आपोआप कळतं. आवळून घेण्याची हौस काहींना होती आणि त्यावर त्या काळी टिंगलचित्रंही निघाली. पण टिंगलचित्र हा रोजच्या रिवाजाचा पुरावा नव्हे.

आज व्हेल मारून पट्ट्या मिळवण्याचा प्रश्नच येत नाही. व्यापारी शिकारीवर १९८६ पासून आंतरराष्ट्रीय स्थगिती आहे. मग करायचं काय? जर्मनीत बनणाऱ्या खास प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात. काहीजणी वेताच्या कांबी घालतात. आणि बऱ्याच जणी सरळ हार्डवेअरच्या दुकानातून जाडजूड केबल टाय आणून, त्यांची डोकी छाटून, टोकं घासून खोबणीत सारतात. इलेक्ट्रिशियनचं सामान राणीच्या चोळीत! शुद्धतावादी नाकं मुरडतात, पण लवचीकपणा बऱ्यापैकी जुळतो.

ही चोळी शिवणं पुरुष शिंप्यांचं काम होतं. पॅरिसमध्ये १६७५ साली बायकांना स्वतःचा शिवणकाम संघ काढून बायकांचे कपडे शिवायची मुभा मिळाली, पण पट्ट्या घातलेली ताठ चोळी शिंप्यांनी आपल्याकडेच राखली. गार्सो या फ्रेंच लेखकाने १७६९ मध्ये शिंपीकामावर ग्रंथ काढला, त्यात चोळीचे तुकडे, पट्ट्यांच्या दिशा, सगळं आकृत्यांसह दिलं आहे. आज शिवणाऱ्यांना तो फार उपयोगी पडतो.

चोळीवर कंबरेभोवती नाडीने बांधायचे खिसे. हो, खिसे वेगळे. आकार लांबट पेरूसारखा, वर अरुंद, खाली फुगीर, मधोमध उभी चीर. परकराच्या आणि गाऊनच्या बाजूच्या शिवणी वरून तेवढ्या उघड्या ठेवलेल्या, तिथून हात आत जाई. किल्ल्या, अंगुस्तान, नाणी, पत्रं, खाण्याची वस्तू, सगळं त्यात. खिसा खास बायकांचा, बऱ्याचदा घरात भरतकाम करून नटवलेला. पुढे शतकाच्या अखेरीला गाऊन अंगासरशी झाले, आत खिशाला जागा उरली नाही आणि छोटी हातपिशवी आली. बायकांच्या कपड्यांना धड खिसे नसतात ही आजची तक्रार ऐकून त्या काळची मोलकरीण हसली असती.

त्यावर परकर, एक, दोन किंवा थंडी असेल तितके. सगळ्यात वर समोरून उघडा गाऊन. आणि तो समोर बंद कशाने करायचा? टाचण्यांनी. बटणं नाहीत, हूक क्वचित. रोज सकाळी टाचण्या टोचायच्या, खाली ताठ चोळी असल्याने त्या अंगाला लागत नाहीत. यात सोय अशी की बाई जाड झाली, बारीक झाली, गरोदर राहिली, तरी तोच गाऊन चालतो.

गाऊन बेतायची पद्धत आज कागदी नमुन्यावर शिवणाऱ्यांना चक्रावून टाकते. शिवणारी बाई गिऱ्हाइकाच्या अंगावरच कापड धरी. आधी लिननचं अस्तर चोळीवरून बसवायचं, मग त्यावर रेशीम ठेवून पाठीच्या घड्या टाचायच्या, खांदे शेवटी. मापं घ्यायला टेप नव्हती. कागदाच्या पट्टीला खाचा मारून प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी वेगळी ठेवत. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात कलोनियल विल्यम्सबर्ग हे अठराव्या शतकातलं गाव जिवंत संग्रहालय म्हणून चालवलं जातं. तिथल्या मार्गारेट हंटर दुकानातल्या कारागीर बायका याच पद्धतीने शिवतात. एका दिवसात अख्खा गाऊन हाताने शिवून होतो हे त्यांनी करून दाखवलं आहे. चार-पाच जणी एकाच गाऊनवर बसल्या, मेण लावलेला दोरा, आणि कुठे बारीक टाका हवा न् कुठे मोठा चालतो याची जाण असली की संध्याकाळपर्यंत गाऊन अंगावर. जुन्या पत्रांत आज कापड दिलं, उद्या गाऊन आला असं कुणी लिहिलं तर ती आता थाप वाटत नाही.

ही जाण आली कुठून? फार मोठा वाटा जॅनेट आर्नल्ड (१९३२–१९९८) या इंग्रज संशोधिकेचा. संग्रहालयांत जाऊन जुने कपडे उलटेसुलटे करून तिने प्रत्येक तुकडा आलेखाच्या कागदावर लहान प्रमाणात उतरवला. जोड कुठे, टाका कुठला, कुठे उसवून पुन्हा शिवलं, सगळ्याची नोंद. तिच्या नमुन्यांचं पहिलं पुस्तक १९६४ मध्ये आलं. तिच्याआधी नोरा वॉने याच वाटेने काम सुरू केलं होतं. त्यांच्या आकृत्यांवरून हजारो बायकांनी घरी बसून गाऊन शिवले, आणि शिवताना जे अडलं त्यातून नवे प्रश्न निघाले.

कापडाची बाजू बार्बरा जॉन्सनच्या वहीने भरून काढली. इंग्लंडमधल्या एका पाद्र्याची ही मुलगी. लहानपणी, १७४६ पासून, तिने एका जमाखर्चाच्या वहीत स्वतःच्या प्रत्येक नव्या कपड्याच्या कापडाचा तुकडा टाचून ठेवायला सुरुवात केली; शेजारी भाव, पन्हा आणि त्याचं काय शिवलं ते. १८२३ पर्यंत ती हे करत राहिली. कुठल्याही फॅशनच्या इतिहासापेक्षा एका मध्यमवर्गीय बाईचा हा सत्त्याहत्तर वर्षांचा हिशेब जास्त बोलका आहे.

ज्यांच्याकडे वह्या नव्हत्या त्यांच्यासाठी कोर्टाची दप्तरं. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांत चोरीला गेलेल्या कपड्यांच्या याद्या सापडतात, कपड्यागणिक किंमत लावून. वाळत घातलेला झगा, चोळी, खिसे, टोप्या. पण त्या किमतींवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. चोरी ठरावीक रकमेच्या वर गेली की फाशीची शिक्षा होऊ शकत होती, त्यामुळे दयाळू ज्यूरी मालाची किंमत मुद्दाम खाली आणत. अमेरिकेत याहून कटू पुरावा आहे. ‘व्हर्जिनिया गॅझेट’सारख्या पत्रांत पळून गेलेल्या गुलाम स्त्रियांना पकडण्यासाठी मालक जाहिराती देत आणि ओळख पटावी म्हणून त्यांच्या अंगावरच्या कपड्यांचं बारीक वर्णन करत. खरबरीत लिननचा झगा, छापील गाऊन, सोबत नेलेलं गाठोडं. या बायका कशा दिसत, काय नेसत, हे आज त्यांना छळणाऱ्यांच्याच शब्दांतून वाचावं लागतं. विल्यम्सबर्गसारख्या ठिकाणी कृष्णवर्णीय स्त्रियांचा पोशाख उभा करताना याच जाहिरातींचा मोठा आधार असतो.

आता त्या लिनन-सुताच्या मिश्रणाकडे. सतराव्या शतकाच्या शेवटी युरोपभर हिंदुस्थानी छिटांचं वेड पसरलं. रंग धुऊनही जात नाही असं कापड तिकडे कुणाला करता येत नव्हतं. तिथले विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडमध्ये १७१९ च्या उन्हाळ्यात स्पिटलफील्ड्सच्या विणकरांनी रस्त्यात छिटाचे गाऊन घातलेल्या बायकांना गाठून ते अंगावरून फाडले. दोन वर्षांत छापील सुती कापड वापरण्यावरच बंदीचा कायदा झाला. १७३६ मध्ये लिननचा उभा धागा असलेल्या कापडाला सूट मिळाली, म्हणून अनाथालयाच्या वह्यांत ते मिश्रण. निव्वळ सुती छापील कापडाला १७७४ मध्ये परवानगी मिळाली, पण अट अशी की देशी मालाच्या किनारीत तीन निळे धागे विणलेले हवेत. आज एखाद्या तुकड्याच्या किनारीला ते तीन धागे सापडले की अभ्यासकाला साल शोधायला अर्धी वाट मोकळी होते, कारण ही अट १८११ मध्ये उठली.

मुळातली छीट मात्र कोरोमंडल किनाऱ्यावर बनायची. या किनाऱ्याच्या दक्षिण भागात तेव्हा तंजावरच्या भोसल्यांचं राज्य होतं. छिटाची कृती लांबलचक. कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं; दुधातल्या स्निग्धपणामुळे पुढे रंग पसरत नाही. कोळशाच्या पुडीने आकृती उतरवायची. कलमाने काळ्या रेघांसाठी लोखंडाचं पाणी, लाल जागी तुरटी. मग एका झुडपाच्या मुळांच्या लाल रंगात उकळायचं. तुरटी लागलेला भागच लाल होतो. शेण लावून उन्हात बाकीचं पांढरं करायचं. निळी जागा सोडून सगळीकडे मेण लावून कापड निळीच्या रांजणात बुडवायचं. पिवळा सगळ्यात शेवटी, आणि हिरवं पान हवं असेल तर निळ्यावर पिवळा. हा पिवळा कच्चा असे. संग्रहालयातल्या छिटांवर पानं निळी दिसतात ती चित्रकाराची लहर नव्हे, वरचा पिवळा उडून गेला आहे.

हे सगळं आज कळतं ते दोन फ्रेंचांच्या टेहळणीमुळे. १७३४ च्या सुमारास बोलिय नावाच्या जहाजी अधिकाऱ्याने पाँडिचेरीत कारागिरांच्या शेजारी बसून प्रत्येक पायरीनंतर कापडाचा एक तुकडा कापून घेतला. ते तुकडे त्याच्या टिपणांसह पॅरिसमध्ये जपलेले आहेत. १७४२ मध्ये कर्दू या जेझुइट पाद्र्याने ही कृती पत्रातून फ्रान्सला कळवली. ज्या टिपणांनी इथल्या कारागिरांचं गुपित बाहेर नेलं, त्याच टिपणांवरून आता भारतातले मोजके कारागीर ती कृती पुन्हा बसवत आहेत. एकेका छोट्या तुकड्याला आठवडे लागतात. अंगभर गाऊनला पुरेल एवढी हाताने रंगवलेली छीट त्यामुळे जवळजवळ कुणालाच परवडत नाही. आज गाऊन शिवणाऱ्या बहुतेक जणी जुन्या नक्षीवरून छापलेल्या सुती कापडावर भागवतात, आणि त्यातलं काही कापड भारतातच लाकडी ठशांनी छापून तिकडे जातं.